बाहेरून एम. ए.

बारामतीच्या एखाद्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारलं की दोन उत्तरं मिळतात. पहिलं लगेच येतं: ‘एमपीएससी.’ दुसरं जरा थांबून, आवाज उतरवून: ‘आणि बाहेरून एम. ए. करतोय.’ विषय कोणता, हे वेगळं विचारावं लागतं. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांतलं काहीतरी असतं. पहिल्या उत्तराला समोरचा माणूस ‘वा’ म्हणतो. दुसऱ्यावर कुणी काही बोलत नाही.

‘बाहेरून’ हा शब्द आपल्याकडे जुना आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारा बाहेरून, पुणे विद्यापीठाचा बहिःस्थ विद्यार्थी बाहेरून, मुक्त विद्यापीठवाला बाहेरून आणि आता मोबाइलवर व्याख्यान ऐकून पदवी घेणाराही बाहेरूनच. सरकारदरबारी या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गावाच्या लेखी एकच, कॉलेजच्या गेटमधून जो आत जात नाही तो बाहेरचा. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत बसून मानव्यविद्यांची पदव्युत्तर पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन मार्गाने घेण्याच्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा, तर या एका शब्दापासूनच सुरुवात करावी लागते.

या भागात कॉलेजांचा दुष्काळ आहे असं कुणी म्हणणार नाही. अनेकांत एज्युकेशन सोसायटीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय बारामतीत १९६२ पासून आहे आणि आज ते स्वायत्त आहे. विद्या प्रतिष्ठान १९७२ मध्ये निघालं आणि पुढे विद्यानगरी वसली. सोमेश्वरनगरला मु. सा. काकडे महाविद्यालय आहे, कळंब-वालचंदनगरला विश्वासराव रणसिंग महाविद्यालय, इंदापुरात तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचं महाविद्यालय. कारखान्याची चिमणी दिसली की जवळपास कॉलेजची पाटीही दिसते, इतपत ही मांडणी जमून गेलेली आहे. बी. ए. होण्यासाठी आता कुणाला तालुका सोडावा लागत नाही. अडचण पुढे सुरू होते. मराठी, अर्थशास्त्र असे रुळलेले विषय एम. ए.ला जवळ मिळू शकतात. तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, भाषांतर किंवा स्त्री-अभ्यास म्हटलं की पुणं आलं. बारामतीहून सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून १४०. रोज जाऊन-येऊन जमत नाही, आणि तिथे राहायचं तर कॉट बेसिस, मेस आणि गाडीभाडं धरून हिशोब उसाच्या बिलावर येऊन थांबतो. इंजिनिअरिंगसाठी बाप हे बिल खर्च करतो. तत्त्वज्ञानासाठी करावं, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून बाहेरून. ही सोय टप्प्याटप्प्याने आली. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच वर्गात न बसलेल्यांना परीक्षेची दारं उघडली होती. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. पुण्याचा बहिःस्थ विद्यार्थी मात्र बराच काळ फक्त परीक्षेपुरताच विद्यापीठाचा होता. फॉर्म भरायचा, गाइड घ्यायचं, पेपर लिहायचा. शिकवणं या व्यवहारात कुठे बसतच नव्हतं. १९८५ मध्ये इग्नू आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पहिल्यांदा ‘बाहेरच्याला शिकवायचं कसं’ याचा विचार झाला. मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले होते. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद त्यांनी आधी सांभाळलेलं होतं, त्यामुळे बहिःस्थ व्यवस्थेतली पोकळी त्यांनी आतून पाहिलेली होती. या विद्यापीठाने मराठीला नवे शब्दही दिले: अभ्यासकेंद्र, संमंत्रण, संमंत्रक. शिक्षक म्हणायचं नाही, संमंत्रक म्हणायचं, कारण तो शिकवत नाही, विद्यार्थ्याने स्वतः वाचून आणलेल्या अडचणींवर त्याच्याशी बोलतो. कल्पना सुंदर होती. प्रत्यक्षात अनेक केंद्रांवर रविवारी सकाळी दोघे-तिघे येत, संमंत्रक हजेरीवर सह्या घेत आणि ‘परीक्षेला काय येईल’ एवढ्यावर संमंत्रण संपे. दोष केंद्राचा एकट्याचा नव्हता. वाचून कुणी आलेलंच नसे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानेही जुनी बहिःस्थ पद्धत आवरती घेऊन २०१९ च्या सुमारास मुक्त अध्ययन प्रशाला काढली. पाठोपाठ महामारी आली आणि ज्यांनी कधी मोबाइल वर्गात आणू दिला नव्हता, त्याच प्राध्यापकांना मोबाइलमधून शिकवावं लागलं. ऑनलाइन एम. ए. लोकांच्या कल्पनेत आलं ते त्या दोन वर्षांत.

दूरस्थ आणि ऑनलाइन हे लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात. नियमांत त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. दूरस्थमध्ये छापील किंवा पीडीएफ पुस्तिका, अभ्यासकेंद्र, अधूनमधून संपर्क सत्र आणि केंद्रावर जाऊन लेखी परीक्षा असते. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि मूल्यमापन असे चार भाग एकाच पोर्टलवर असतात, आणि परीक्षा देखरेखीखाली, सहसा संगणकावर होते. दोन्हींना लागू असलेले विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम ४ सप्टेंबर २०२० चे आहेत. मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ‘बाहेरूनची डिग्री चालते का?’ हा चहाच्या टपरीवरचा प्रश्न कागदावर कधीच मिटलेला आहे.

एक फरक मात्र या दोन तालुक्यांना विशेष लागू पडतो. आपण तीन विद्यापीठांच्या शिवेवर राहतो. नीरा ओलांडून फलटणला गेलं की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची हद्द, भीमा ओलांडून करमाळ्याला गेलं की २००४ मध्ये झालेल्या सोलापूर विद्यापीठाची. दूरस्थ अभ्यासकेंद्राला विद्यापीठाच्या हद्दीचं कुंपण असतं, ऑनलाइन पदवीला ते नाही. भिगवणला बी. ए. झालेली मुलगी लग्न होऊन नदीपलीकडे गेली तर तिचं कॉलेज बदलतं, विद्यापीठ बदलतं, बहुतेक वेळा शिक्षणच थांबतं. ऑनलाइन एम. ए. तिच्याबरोबर सासरी जाऊ शकतं. माझ्या मते या सोयीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. पदवी देणाऱ्या केंद्राची फ्रँचायझी देणं नियमाने बंद आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे अमक्या राज्यातल्या विद्यापीठाचे प्रवेश चालू’ असा फ्लेक्स दिसला की सावध व्हावं. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (‘डेब’च्या) संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या विषयासाठी, कोणत्या सत्रात परवानगी आहे हे कळतं. तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. विद्यापीठ खरं असूनही तो विषय यादीत नसेल, तर प्रवेश पाण्यात जातो. आता प्रवेशासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीचा क्रमांक आणि डेब आयडीही लागतो. दोन वर्षांची पदवी एका वर्षात किंवा मागच्या तारखेने मिळवून देणारा भेटला तर त्याच्याकडचा चहासुद्धा घेऊ नये.

बाहेरून एम. ए.ला नाव घालणारे लोक कोण असतात, ते पाहण्यासारखं आहे. सगळ्यात मोठा गट अभ्यासिकेतला. स्पर्धा परीक्षेचं वय निघून चाललेलं असतं आणि ‘काहीतरी चालू आहे’ हे घरी आणि स्वतःलाही सांगायला हवं असतं. इतिहासाचा किंवा राज्यशास्त्राचा अभ्यास सामान्य अध्ययनाला उपयोगी पडतो, हेही खरं. दुसरा गट जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या शिक्षकांचा. बढतीची आशा, कनिष्ठ महाविद्यालयात जाण्याची इच्छा आणि कधीकधी निव्वळ हौस असते. या गटात खरे वाचणारे सर्वाधिक सापडतात. डी. एड. करून विसाव्या-बाविसाव्या वर्षी नोकरीला लागल्यामुळे यांचं कॉलेज राहून गेलेलं असतं, आणि ती सल चाळिशीत अभ्यासाला बसवते. तिसरा गट बी. एड.वाल्यांचा. एप्रिल २०२२ पासून एक पदवी नियमित आणि दुसरी दूरस्थ वा ऑनलाइन अशा दोन्ही एकाच वेळी करायला आयोगाने परवानगी दिली, तेव्हापासून बी. एड.बरोबर एम. ए. उरकण्याची वाट रुंद झाली.

आणि चौथा गट मुलींचा. स्थळं बघायला सुरुवात झालेली असते. बायोडाटावर ‘एम. ए. (चालू)’ लिहिलेलं असतं. कंसातल्या त्या एका शब्दाची कामगिरी मोठी आहे. त्याने कधी स्थळाची पायरी वर चढते, तर कधी लग्न वर्षभर पुढे ढकलता येतं. इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर राहणारी ओळखीची मुलगी मला म्हणाली होती, ‘काका, मला एम. ए. लवकर संपवायचंच नाहीये.’ मला हसू आलं, मग आलं नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ही मंडळी वाचतात काय?

इंग्रजीतून शिकणाऱ्याला आज तोटा नाही. आयोगाच्या ई-पीजी पाठशाळेवर पदव्युत्तर पाठ आहेत, इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर जवळजवळ सगळ्या पुस्तिका फुकट आहेत, ९ जुलै २०१७ ला सुरू झालेल्या ‘स्वयम’वर व्याख्यानं आहेत. इग्नूतून तत्त्वज्ञान, भाषांतर, गांधी व शांतता अध्ययन, ग्रामीण विकास असे आपल्या कॉलेजांत सहसा न भेटणारे विषय घेता येतात. पण तिथलं माध्यम बहुतांशी इंग्रजी किंवा हिंदी. मराठीत बी. ए. केलेला मुलगा हिंदीतून समाजशास्त्र वाचायला बसतो, परीक्षेत मराठी वळणाचं हिंदी लिहितो आणि आपल्याला विषय येत नाही असा समज करून घेतो. विषय त्याला येत असतो. संज्ञा परकी असते.

मराठीतून शिकणाऱ्याचं ताट निराळं आहे. विद्यापीठाची पुस्तिका, तिच्यावरचं गाइड, गाइडवरच्या नोट्स आणि नोट्सच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ. प्रत्येक पायरीवर पानं कमी होत जातात. गंमत अशी, की याच मोबाइलवर, फुकट, मराठी विश्वकोशाचे वीसही खंड उघडतात. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत सुरू झालेल्या या कामाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्र यांवरच्या त्यातल्या नोंदी आजही एम. ए.च्या विद्यार्थ्याला पुस्तिकेपेक्षा पुढे नेतात. साहित्य संस्कृती मंडळाचे कित्येक ग्रंथ असेच खुले आहेत. ‘विश्वकोश पाहिलास का?’ असं मी विचारतो तेव्हा बहुतेक जण वेबसाइट आहे हेच प्रथम ऐकतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. मराठीतून एम. ए. करणाऱ्याच्या हातात जाईल असा समाजशास्त्राचा किंवा तत्त्वज्ञानाचा अद्ययावत पाठ्यग्रंथ त्या निमित्ताने कुणी वाटला असता, तर मी दोन पेढे जास्त खाल्ले असते.

सार्वजनिक वाचनालयं दोन्ही तालुक्यांत आहेत. १९६७ च्या कायद्याने अनुदानाची व्यवस्था लावून दिली आणि गावोगावी वाचनालयांच्या पाट्या लागल्या. कपाटात कादंबऱ्या असतात, चरित्रं असतात, अलीकडे स्पर्धा परीक्षेची पुस्तकं भरपूर. समीक्षेचं किंवा इतिहासलेखनाचं पुस्तक मागणारा वाचक महिन्यात एखादा, त्यामुळे ती घेतली जात नाहीत, आणि नसतात म्हणून मागणारा परत येत नाही.

साहित्याच्या या टंचाईपेक्षा मला दुसरी उणीव जास्त जाणवते. लिहिलेलं कुणी वाचत नाही. नियमाप्रमाणे दूरस्थ पदवीत साधारण ३० टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतात. हा ३० टक्क्यांचा भाग खरा शिकवणारा. विद्यार्थ्याने प्रश्नावर चार पानं लिहावीत, जाणकाराने ती वाचून समासात शेरे मारावेत, त्या शेऱ्यांवरून पुढचा स्वाध्याय सुधारावा, अशी ती योजना. व्यवहारात पूर्वी सोडवलेल्या स्वाध्यायांच्या झेरॉक्स मिळत, मग पीडीएफ आल्या, आता कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न दिला की मिनिटभरात गुळगुळीत उत्तर येतं. विद्यार्थी ते न वाचता उतरवतो आणि तपासणारा न वाचता गुण देतो. पोरांना चोर म्हणणं सोपं आहे. पण चार पानं मनापासून लिहिली आणि त्यांवर एक टिकमार्क व ‘७/१०’ एवढंच परत आलं, तर पुढच्या वेळी कुणीही तेच करील.

बारामतीला याचं उलट उदाहरण आपल्याच मातीत आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) जन्मले पन्हाळ्याला, तिथेच पाध्ये गुरूंकडे शिकले आणि नंतरचं सारं आयुष्य बारामतीत, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहिले. काशी किंवा पुणं सोडून कऱ्हाकाठच्या या गावात त्यांनी शेकडो काव्यं रचली, नुसती रामायणंच एकशे आठ. विद्येच्या केंद्रापासून दूर राहून विद्या करता येते, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको. पण पंत पुराणिक होते, हे विसरता कामा नये. सांगायला ग्रंथ होता आणि समोर ऐकणारे होते. पोथी चुकली तर खाकरणारा कुणीतरी असणार. आजच्या बाहेरच्या विद्यार्थ्याजवळ पंतांच्या स्वप्नातही आली नसतील इतकी पुस्तकं आहेत. खाकरणारा नाही.

त्यामुळे या भागात बाहेरून एम. ए. करणाऱ्याने काय करावं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, विषय असा घे की ऐकणारा गावातच मिळेल. नव्या शैक्षणिक धोरणाने नियमित एम. ए.त संशोधन प्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कार्यक्षेत्रातल्या कामाला श्रेयांक दिले आहेत, इग्नूच्या ग्रामीण विकासासारख्या पदवीतही प्रबंध आहे. या दोन तालुक्यांत अशा प्रकल्पांचं पीक उसापेक्षा दाट येईल.

पळसदेव घ्या. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि जुनं गाव भीमेच्या पोटात गेलं. पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि मोबाइलवाले रील करायला धावतात. पण विस्थापितांच्या आठवणी, नव्या गावठाणात देवळांची आणि आळ्यांची पुन्हा झालेली मांडणी, धरणाच्या पाण्यावर मासेमारीसाठी येऊन वसलेली कुटुंबं, हे सगळं आज सत्तरीत असलेल्या माणसांच्या तोंडीच आहे. ती माणसं दर वर्षी कमी होत आहेत. मौखिक इतिहासाचा एक प्रबंध म्हणजे मोबाइलचा रेकॉर्डर आणि दहा दुपारी.

किंवा तुकोबांची पालखी. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवडीला गोल रिंगण. मेंढरं पालखीभोवती फिरतात त्यात धनगरांचं आणि वारीचं नातं कसं आलं, मान कुणाचा, वाद कधी झाले, मिटले कसे, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला घरबसल्या मिळतं आणि पुण्याच्या विद्यार्थ्याला दोन दिवसांत मिळत नाही. मराठीवाल्याला श्रीधरस्वामींचं शिवलीलामृत आहे. शके १६४० मध्ये ते बारामतीत पुरं झालं, आणि आजही श्रावणात घराघरांत त्याची पारायणं होतात. पोथी कोण वाचतं, कोणत्या चालीवर, कोणता अध्याय पाठ असतो? नीरा-भीमेच्या संगमावरचं नरसिंहपूर आहे. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात माळरानावर वसवलेलं वालचंदनगर आहे. खाजगी कंपनीचं गाव ते, क्वार्टर, शाळा, बाजार सगळं तिचंच, आणि आजूबाजूला सहकाराचा मुलूख. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायकांची पहिली पिढी आहे. तिच्यावर एक एम. ए. प्रबंध नव्हे, दहा व्हावेत.

आपल्याकडे पाहण्यासारखं काही नाही असं आपल्यालाच वाटतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवुड यांना तसं वाटलं नाही. नीरा खोऱ्यातला कालवा, ऊस आणि सहकारी कारखाने यांचा अभ्यास करून त्यांनी ‘रेझिंग केन’ हे पुस्तक १९९२ मध्ये काढलं. परदेशातला माणूस गव्हाणीत टाकलेल्या उसाचं राजकारण समजून घ्यायला येतो, आणि त्याच गव्हाणीवर आजोबांनी मोळी टाकलेला नातू ‘समाजशास्त्राची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ पाठ करत बसतो.

पदवीने पुढे काय मिळतं, हेही सांगायला हवं. खुल्या वर्गाला ५५ टक्के आणि आरक्षित वर्गाला ५० टक्के गुण असतील तर नेट आणि सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा देता येतात, पदवी बाहेरून असली तरी. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम. ए.बरोबर बी. एड. हवं. वरिष्ठ महाविद्यालयात जागा निघाल्याच तर निघतात, एरवी तासिका तत्त्व, म्हणजे तासाचे पैसे आणि मे महिन्यात काहीच नाही. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये हा मोठा आधार आहे. हाती काहीच नसलेल्या घरातल्या मुलीला पीएच. डी. पुरी करू देईल एवढा मोठा. पण पीएच. डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन होत नाही. तिथे बाहेरून आलेल्याला पहिल्यांदा आत यावं लागतं, मार्गदर्शकासमोर बसून आपलं लिहिलेलं दाखवावं लागतं, आणि दोन वर्षं कुणीच न वाचलेला विद्यार्थी तिथे अडखळतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. आपल्या महाविद्यालयांत मराठीचे, इतिहासाचे, समाजशास्त्राचे प्राध्यापक आहेत, निवृत्त होऊन इथेच घर बांधून राहिलेलेही बरेच आहेत. शनिवारी दुपारी ग्रंथालयाची एक खोली बाहेरच्या विद्यार्थ्यांना उघडावी, मग ते कुठल्याही विद्यापीठाचे असोत. प्रत्येकाने आपली चार पानं आणावीत, एकाने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. हजेरी नको, सह्या नकोत. इंदापुरातल्या एका निवृत्त सरांनी असं काही दिवस घरच्या ओट्यावर करून पाहिलं. पहिल्या शनिवारी तिघं आली. एकीने पुस्तिकेतलं उतरवून आणलं होतं. सरांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘यातलं तुझं वाक्य कुठलं गं?’ तिने कागद उलटसुलट करून पाहिला. पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा पानं दोनच होती, पण खाडाखोड केलेली.